इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं फुटत होती, स्क्रिप्टने सरळ झाली

दादरला डीटीपीचं काम करतो, सध्या दिवाळी अंकांची धावपळ. बाहेरून आलेल्या एका इनडिझाइनच्या (पानं लावायचं सॉफ्टवेअर) फाइलमध्ये युनिकोड मराठी सगळी फुटलेली, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसलेली आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. फॉन्टचा दोष नाही हो, कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी लावणारी सेटिंग, रोमन लिपीवाला होता, त्याजागी 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' हवा.

आता स्टाइल्स (परिच्छेदांची ठरवून ठेवलेली सेटिंग्ज, कंपोझर त्यातच असतो) ढीगभर, त्याही फोल्डरमध्ये फोल्डर, एकेक उघडून बदलत बसलो तर अंक पाडव्यानंतर निघेल. म्हणून छोटी जावास्क्रिप्ट लिहिली. त्यात 'पॅराग्राफ स्टाइल्स' घेतलं तर ग्रुपच्या आतल्या स्टाइल्स सुटतात, 'ऑल पॅराग्राफ स्टाइल्स' घ्या. आणि लूप (एकेक स्टाइल घेऊन बदलणारा भाग) शून्यापासून नाही, 1 पासून, कारण पहिली 'नो पॅराग्राफ स्टाइल' असते, ती बदलता येत नाही आणि स्क्रिप्ट तिथेच एरर देऊन थांबते. कोणी स्टाइल डावलून हाताने ओव्हरराइड केलेला मजकूर (करतातच!) स्टाइल बदलून सुधारत नाही, त्यासाठी स्टोरीजमधल्या (चौकटींतला सलग मजकूर) परिच्छेदांनाही कंपोझर लावला. टेबलच्या सेलमधला मजकूर त्यात येत नाही, तो वेगळा फिरवावा लागतो.

फाइल जेएसएक्स एक्स्टेन्शनने सेव्ह करायची, विंडो मेनूत युटिलिटीजमध्ये स्क्रिप्ट्स पॅनेल आहे, तिथल्या यूजर फोल्डरमध्ये टाकून डबल क्लिक, बस्स. स्क्रिप्टमधला कोड 'डू-स्क्रिप्ट' या कमांडमध्ये गुंडाळून 'एन्टायर स्क्रिप्ट' अनडू मोड दिला की सगळं एका अनडूत मागे येतं, हे कराच.

श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या मजकुराला मात्र याचा उपयोग नाही, तो आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या.