सौर बंब आणि हीट पंप : टाकीत उन्हासाठी जागा ठेवा

पुण्यातील अनेक सोसायट्यांच्या गच्चीवर सौर बंबाच्या जोडीला आता हीट पंप दिसतो. दोन्ही यंत्रे चांगली असूनही वीजबिल मनासारखे उतरत नाही, तेव्हा दोष बहुधा यंत्रांत नसतो; ती केव्हा आणि कोणत्या सेन्सरच्या सांगण्यावरून चालू होतात, यात असतो.

एक हजार लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांवर नेण्यास सुमारे 35 युनिट उष्णता लागते. कॉइलचा हीटर तेवढीच वीज खातो, तर हवेतली उष्णता ओढून घेणारा हीट पंप साधारण 12 युनिटांत तेच काम करतो. उन्हाला मात्र पाणी फिरवणाऱ्या लहान पंपापुरतीच वीज लागते. म्हणून पहिला मान उन्हाचा.

आमच्या सोसायटीत हीट पंपाचा सेन्सर टाकीच्या तळाशी बसवला होता. सकाळी सातपर्यंत आंघोळी उरकत, खालून गार पाणी आत येई, सेन्सर 28 अंश दाखवी आणि हीट पंप सुरू होई. दहा वाजेपर्यंत अख्खी टाकी 55 अंशांवर पोचल्यावर दिवसभराच्या कडक उन्हाला तापवायला काही उरतच नसे. हा सेन्सर टाकीच्या वरच्या एक-तृतीयांश भागात हवा, आणि हीट पंप पाणी ओढतो ती नळीही टाकीच्या मध्यावरून काढलेली हवी. ती तळाशी राहिली, तर सेन्सर वर नेऊनही सगळे पाणी ढवळले जाते. तळाचा सेन्सर सौर कंट्रोलरसाठी, म्हणजे उन्हाच्या बाजूचा लहान पंप चालू-बंद करणाऱ्या यंत्रासाठी, ठेवावा.

त्यानंतर टायमर लावावा. सकाळी सहा ते दुपारी चार हीट पंप बंद ठेवावा, आणि चारनंतर वरच्या भागाचे तापमान 50 अंशांखाली असेल तरच तो चालू द्यावा. जानेवारीत पहाटेची हवा दहा-बारा अंशांची असते आणि दुपारची तिशीजवळ पोचते. हवा जितकी उबदार, तितकी कॉम्प्रेसरला वीज कमी लागते. टाकीचे इन्सुलेशन धड असेल, तर रात्रीत होणारी घट या फायद्यापुढे किरकोळ आहे.

हीट पंपाला 55 अंशांपुढे नेऊ नये, कारण पुढचा प्रत्येक अंश महाग पडतो. मात्र दीर्घकाळ कोमट राहिलेल्या पाण्यात लीजिओनेला जिवाणू वाढू शकतात, म्हणून आठवड्यातून एकदा, शक्यतो लख्ख उन्हाच्या दिवशी, टाकी 60 अंशांवर न्यावी आणि भाजू नये म्हणून त्या दिवशी रहिवाशांना आधी कळवावे.

सौर कंट्रोलरमध्ये, कलेक्टरचे (उन्हात पाणी तापवणाऱ्या पॅनेलचे) पाणी टाकीच्या तळापेक्षा 8 अंशांनी गरम झाल्यावर पाणी फिरवणारा पंप सुरू आणि फरक 3 अंशांवर आल्यावर बंद, अशी नोंद करावी. हे आकडे फार जवळ ठेवल्यास पंप सारखा चालू-बंद होत राहतो. कलेक्टरचा सेन्सर गरम पाणी बाहेर पडते तिथल्या खोबणीत, उष्णतावाहक पेस्ट लावून, टोकापर्यंत बसवावा. आमचा दोन बोटे बाहेर सरकून नुसता चिकटपट्टीवर लोंबत होता. वाऱ्याने गार होऊन तो कमी तापमान दाखवी आणि पंप उशिरा सुरू होई.

शेवटी रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जाऊन कलेक्टरला जोडलेल्या नळ्यांना हात लावावा. पंप बंद असूनही त्या कोमट लागल्या, तर टाकीतले गरम पाणी उलटे वर चढते आहे; नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) उघडून त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार अडकले आहेत का, ते प्लंबरकडून पाहून घ्यावे.