दसऱ्याचा झेंडू आपल्याच कुंडीत, आणि सोबत बाकीची सोपी फुलं

पहिल्यांदाच कुंडीत फुलं लावणार असाल तर गुलाबाच्या मागे लागू नका, खरंच सांगते. एका सीझनची झाडं लावा, झेंडू, तेरडा, झिनिया. बी टाकल्यापासून दीड-दोन महिन्यांत फुलं येतात आणि सीझन संपला की झाड काढून कुंडी रिकामी.

झेंडूपासून सुरुवात करा. बी विकत आणायलाच पाहिजे असं नाही, तोरणातली फुलं वाळली की एक पाकळ्यांच्या बुडाशी धरून उसवून बघा, आत बारीक काळ्या काड्या निघतात, टोकाला फिकट शेपटी, तेच बी. काही पोकळ असतं, सगळं रुजत नाही, त्यामुळे हात जरा सैल सोडून पेरा. दसऱ्याच्या साधारण 60-70 दिवस आधी पेरलं की वेळेवर फुलं मिळतात. पाव इंच माती वर टाकायची बस, खोल गाडायचं नाही. आठवड्याभरात कोंब दिसतात, चार-सहा पानं आली की 10 इंची कुंडीत एकच रोप ठेवायचं. दाटीवाटीने लावलेली रोपं नुसती उंच होतात.

कुंडीला खाली भोकं हवीतच. नुसती लाल माती भरली तर पावसात तिचा दगड होतो, म्हणून निम्मी माती, पाव भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, आणि मूठभर निंबोळी पेंड.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रोप 6-7 इंच झालं की शेंडा खुडा. जिवावर येतं माहितीये, पण खुडला की बाजूने फांद्या फुटतात आणि जिथे एक फूल आलं असतं तिथे आठ-दहा येतात. फुलं सुकली की तीही काढत राहायची, नाहीतर झाड बी धरायच्या मागे लागतं आणि कळ्या कमी होतात. बियाण्यासाठी शेवटची दोन-तीन फुलं झाडावरच वाळू द्या. पाणी रोज ठरवून घालू नका, बोट घालून बघा, वरची इंचभर माती कोरडी असेल तरच.

बाल्कनीत जेमतेम सकाळचं ऊन येत असेल तर पावसाळ्यात तेरडा लावा, गौरीपर्यंत फुलतो. शेंगा फुगल्या की हळूच पिशवीत धरून तोडा, हात लागताच फुटून बी उडतं. याउलट खिडकीच्या ग्रिलमध्ये दिवसभर रणरणतं ऊन असेल तर ऑफिस टाइम (पोर्चुलाका) लावा, शेजाऱ्यांकडून बोटभर काडी मागून आणा, मातीत खोचा, लागते. पाणी मात्र बेताने, नाहीतर कुजते. ढगाळ दिवशी फुलं नीट उघडत नाहीत, काळजी करू नका.

पिटुनिया फार मोहात पाडतो पण त्याला थंडी लागते, बी तर खसखशीपेक्षा बारीक, म्हणून नोव्हेंबरात नर्सरीतून तयार रोपंच आणा.

मावा (पानांवरचे बारीक किडे) किंवा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याचा जोरात फवारा मारा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि दोन-चार थेंब भांड्याचं लिक्विड, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनेसुद्धा. उन्हात मारलं तर पानं करपतात.