टँकरच्या टाकीला सफाईचे तोंड पाडताना
मराठवाड्यात उन्हाळ्यात वाडी-तांड्यांना पाणी पोचवणाऱ्या टँकरच्या टाकीत पाणी हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे बसवलेले असतात, आणि त्यामुळे एकाच तोंडातून सगळे कप्पे घासता येत नाहीत. म्हणून प्रत्येक कप्प्यावर स्वतंत्र तोंड पाडावे. तोंड गोल ठेवावे, कारण चौकोनाच्या कोपऱ्यातून पत्रा तडकतो. कडेला जाड रिंग वेल्डिंग करून, पिण्याच्या पाण्याला चालणारे रबरी गॅस्केट घालून झाकण बोल्टने आवळावे. कापलेला कीस चुंबकाने वेचावा, नाहीतर तो आतच गंजतो. गंज चढताना बंद टाकीतला प्राणवायू घटतो, म्हणून हवा खेळती केल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय आत कोणीही उतरू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.