डिस्लेक्सियाच्या आंतरराष्ट्रीय कामात येताय? आधी चाचणी कुठल्या भाषेसाठी बनली ते विचारा

डिस्लेक्सिया म्हणजे वाचन-लेखन शिकताना येणारी खास अडचण; तिचा बुद्धीशी संबंध नाही, वय वाढलं की ती आपोआप जात नाही, आणि नीट शिकवलं तर मूल वाचायला शिकतं, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहिते आहे. आंतरराष्ट्रीय धर्मादाय संस्थांमध्ये या मुलांसाठी काम कसं मिळतं आणि आल्यावर कुठे ठेच लागते, ते सांगायचं आहे.

आधी कटू भाग. केवळ डिस्लेक्सियावर काम करणाऱ्या संस्था जगात मोजक्याच आहेत. अमेरिकेत 1949 मध्ये ऑर्टन सोसायटी म्हणून सुरू झालेली आणि आज इंटरनॅशनल डिस्लेक्सिया असोसिएशन म्हणून ओळखली जाणारी संस्था, 1972 ची ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन, 1987 ची युरोपियन डिस्लेक्सिया असोसिएशन ही नावं तुम्ही ऐकली असतील. शिक्षक प्रशिक्षण, पालकांना आधार आणि धोरणांचा पाठपुरावा हे त्यांचं मुख्य काम. तिथे पगारी जागा क्वचित निघतात. नोकऱ्या असतात त्या प्राथमिक किंवा समावेशक शिक्षणाच्या मोठ्या प्रकल्पांत, आणि तिथल्या प्रस्तावात डिस्लेक्सियाच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ आलेली असते. त्यामुळे जाहिरातीत 'डिस्लेक्सिया' शोधत बसू नका. 'समावेशक शिक्षण', 'सुरुवातीचं वाचन', 'शिक्षक प्रशिक्षण', 'मूल्यमापन' असं शोधा.

त्यात 2025 मध्ये अमेरिकेची यूएसएड ही परदेशांना मदत देणारी सरकारी संस्थाच बंद झाली. लहान मुलांच्या वाचनावर जगभर खर्च होणाऱ्या पैशाचा फार मोठा वाटा तिथून यायचा. अनेक वर्षं या कामात घालवलेली माणसं आज तुमच्याच रांगेत अर्ज घेऊन उभी आहेत. म्हणून दोन-चार नकार आले तर स्वतःच्या लायकीवर शंका घेऊ नका. तो काळाचा भाग आहे. माझा पहिला करार अनुदान संपलं त्या दिवशी संपला. मुलं तेव्हा कुठे सलग वाचायला लागली होती. ते मला अजून सलतं, आणि तुमच्याही वाट्याला हे येईल. अनुदान दोन-तीन वर्षांचं असतं, मुलाला त्याहून जास्त वेळ लागतो. तुम्ही गेल्यावरही वर्गात राहणाऱ्या शिक्षकांना पहिल्या महिन्यापासून बरोबर घेतलं तरच काही मागे उरतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

माझ्या त्या पहिल्या प्रकल्पात आम्हाला एक चाचणी दिली होती. मूळ इंग्रजी, नावाजलेली, सूचनांचं भाषांतर उत्तम. शाळेची भाषा अशी की जसं लिहितात तसंच वाचतात. मुलांनी शब्दांची यादी वाचायची, आम्ही चुका मोजायच्या, ठरावीक आकड्याच्या वर गेलेल्या मुलांची पुढची तपासणी करायची. निकाल आला तेव्हा पुढच्या तपासणीसाठी जवळजवळ कुणाचंच नाव नव्हतं. बैठकीत सगळे खूश. वर्गशिक्षिका मात्र गप्प बसून होत्या. नंतर त्यांनी एका मुलाला माझ्यासमोर बसवलं आणि धड्यातला उतारा वाचायला सांगितला. त्याने बोट ठेवलं. एक अक्षर, थांबा. दुसरं अक्षर, थांबा. मग ओठांतल्या ओठांत जुळवणी, मग शब्द. बोट इतकं दाबून सरकत होतं की कागदाला सुरकुती पडली. एकही शब्द चुकला नाही. बाकीच्या मुलांनी पान उलटलं तेव्हा तो तिसऱ्या ओळीवर होता. गोष्ट कशाबद्दल आहे असं विचारल्यावर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. आमच्या तक्त्यात त्याच्या नावासमोर शून्य चुका लिहिलेल्या होत्या.

हे का होतं ते सविस्तर सांगते, कारण प्रशिक्षणात ते उडत उडत सांगतात. 1896 मध्ये ब्रिटनमध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी वाचता न येणाऱ्या एका हुशार मुलाची नोंद केली. तेव्हापासूनचं बरंचसं संशोधन इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर झालेलं आहे. आणि इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं फार बेभरवशाचं. 2003 मध्ये तेरा युरोपीय भाषांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षाच्या शेवटी फिनिश, ग्रीक, जर्मन मुलं नव्वद टक्क्यांहून जास्त शब्द बरोबर वाचत होती, तर इंग्रजी वाचणारी मुलं जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे इंग्रजीत चुका मोजून अडचण सापडते, कारण तिथे चुकायला भरपूर वाव आहे. त्याआधी 1997 मध्ये इंग्रजी आणि जर्मन डिस्लेक्सिक मुलांची थेट तुलना झाली होती. जर्मन मुलं बरीचशी अचूक वाचत होती, पण अतिशय सावकाश. मूळ अडचण तीच, दिसण्याची तऱ्हा वेगळी. म्हणून अशा भाषांत घड्याळ लावावंच लागतं. नुसत्या चुका मोजल्या तर ज्या मुलांसाठी तुम्ही आलात तीच मुलं 'उत्तम' म्हणून सुटून जातात.

आपल्यासारख्या अक्षरमालांत आणखी एक गुंता. ध्वनींची जाण तपासायला इंग्रजी चाचणीत शब्दातला पहिला ध्वनी काढायला सांगतात. तोच प्रश्न देवनागरी शिकलेल्या मुलाला विचारा: 'कमळ'मधला पहिला आवाज काढ. मूल म्हणेल 'मळ'. त्याच्या लेखी क हे एक अखंड अक्षर आहे आणि त्याने ते काढलं. चाचणीला हवं असतं 'अमळ', कारण तिथे फक्त क् काढायचा असतो. भाषांतरित तक्त्यात मुलाला चूक मिळते, आणि अशा चार-पाच चुका झाल्या की एका धडधाकट मुलावर संशयाचा शिक्का बसतो. सोनाली नाग यांचं कन्नड वाचनावरचं संशोधन हेच सांगतं: या लिप्यांत अक्षरं आत्मसात व्हायला कितीतरी जास्त वर्षं लागतात आणि सुट्या ध्वनींची जाण उशिरा येते. अर्थात तीच भाषांतरित चाचणी एका लिपीत खऱ्या अडचणीच्या मुलाला सोडते आणि दुसऱ्या लिपीत नीट शिकणाऱ्याला पकडते. अक्षरं उलटी काढण्याचंही तसंच. बी (b) आणि डी (d) ही इंग्रजी अक्षरं एकमेकांची आरशातली रूपं आहेत म्हणून ते लक्षण एवढं गाजलं. लहान वयात उलटी अक्षरं बहुतेक सगळीच मुलं कधी ना कधी काढतात.

मग करायचं काय? चाचणी हातात आली की ती वापरण्याआधी विचारा: हिचे निकष कुठल्या भाषेतल्या, कुठल्या इयत्तेतल्या, किती मुलांवर ठरवले? वेळ मोजते का? ध्वनीचे प्रश्न या लिपीला धरून आहेत का? उत्तर 'भाषांतर केलंय' एवढंच असेल, तर त्या आकड्यांवरून कुठल्याही मुलाबद्दल काहीही ठरवू नका. चांगलं उदाहरण हवं असेल तर मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात तयार झालेली 'डाली' ही चाचणी बघा. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी प्रत्येक भाषा स्वतंत्र धरून तिची साधनं बनवली आहेत. आणखी एक चाचणी तुम्हाला सगळीकडे भेटेल: इग्रा, 2006 पासून वापरात असलेली. तिच्यात एका मिनिटातलं अचूक वाचन मोजतात, म्हणजे वेग तरी दिसतो. पण वर्ग आणि शाळा कुठे आहेत ते कळावं म्हणून ती बनली आहे. एका मुलाच्या निदानासाठी ती वापरायची नाही.

आणि भाषा म्हटली की घरची भाषा आलीच. जगातल्या सुमारे 40 टक्के लोकांना समजणाऱ्या भाषेत शिक्षण मिळत नाही, असं युनेस्को सांगते. मूल शाळेच्या भाषेत अडखळतंय म्हणजे डिस्लेक्सिया, असा निष्कर्ष काढायचा नाही. त्याच्या घरच्या भाषेत त्याच्याशी तोंडी बोलून बघा, नजर आणि कान तपासून घ्या, शाळेत ते किती दिवस हजर होतं ते बघा. तुमचं काम चाळणीचं आहे, निदान पात्र तज्ज्ञाने करायचं. पालकांसमोर तो शब्द घाईने उच्चारलात, तर मदत मिळाली नाही तरी शब्द त्या मुलाला कायमचा चिकटतो.

हे वाचून दडपण आलं असेल तर सांगते, संख्याशास्त्रात पारंगत असायची गरज नाही. प्रश्न विचारण्याएवढी समज आणि विचारण्याचं धाडस, दोन्ही पहिल्याच वर्षात येतं. नव्या माणसाने विचारलं तर लोक रागावतात असंही नाही. उलट बऱ्याचदा टेबलाभोवती आणखी दोघांच्या मनात तोच प्रश्न असतो.

आता शॉर्टकटबद्दल, आणि इथे मी अजिबात मवाळ नाही. रंगीत काचांचे चष्मे, खास फॉन्ट, डोळ्यांचे व्यायाम यांची पत्रकं तुमच्या टेबलावर येतील. रंगीत भिंगांना आणि डोळ्यांच्या व्यायामांना आधार नाही, हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्ये एकत्र जाहीर केलं आहे. तरीही देणगीदारांना ते आवडतं, कारण फोटोत दिसतं. ज्या पालकांनी त्यावर पैसे घातले त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. एका दिवसाच्या कार्यशाळेची प्रमाणपत्रं गोळा करण्यातही अर्थ नाही. त्यापेक्षा ध्वनीपासून टप्प्याटप्प्याने वाचन शिकवण्याची एखादी पद्धत मुळापासून शिका, आणि एका मुलाला वर्षभर शिकवा. ऑर्टन-गिलिंगहॅम या वाचन शिकवण्याच्या पद्धतीचं नाव सगळे घेतात. तिची शिस्त घेण्यासारखी आहे: थेट शिकवणं, क्रमाने जाणं, पुन्हा पुन्हा सराव. पण तिच्यातले स्पेलिंगचे नियम इंग्रजीचे आहेत, ते दुसऱ्या भाषेत तसेच नेले की तोच सापळा पुन्हा.

दोन आठवड्यांसाठी येऊन मुलांना 'मदत' करून जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या मी विरोधात आहे. मुलाला विश्वास टाकायलाच त्याहून जास्त दिवस लागतात. वेळ थोडा असेल तर घरी बसून ध्वनिपुस्तकं तयार करा. त्याची खरी गरज आहे. 2013 चा मराकेश करार, जो 2016 पासून लागू झाला, तो फक्त अंधांसाठी आहे असं बहुतेकांना वाटतं. वाचनाची अक्षमता असलेल्यांनाही तो लागू होतो. करारात सामील देशांतल्या अधिकृत संस्था छापील पुस्तकांच्या सुलभ प्रती प्रकाशकाच्या परवानगीशिवाय बनवू शकतात आणि सीमेपलीकडे पाठवू शकतात. या कराराची नीट माहिती असलेला नवा माणूस कुठल्याही संस्थेला हवा असतो.

मार्गदर्शक निवडताना परिषदांतली मोठी नावं शोधू नका. ती भली माणसं असतात, पण त्यांना तुमच्यासाठी वेळ नसतो. पहिलीला वर्षानुवर्षं वाचायला शिकवलेली शिक्षिका गाठा. कुठलं मूल कशाने अडतंय हे तिला आमच्या तक्त्याआधी कळलेलं असतं. दुसरा गुरू म्हणजे स्वतः डिस्लेक्सिया असलेला, आता मोठा झालेला माणूस. यशस्वी उद्योजकांच्या कथा निधी उभारताना कामी येतात. पण मला त्यांची धास्ती वाटते, कारण दहावीत पोचूनही वाचता न येणाऱ्या मुलीला त्यात जागा नसते. तिच्याशी बोला.

मुलाखतीला जाताना त्या प्रकल्पाच्या भाषेची लिपी थोडी तरी वाचायला शिकून जा. त्या भाषेत हळू वाचणारं मूल ओळखण्यासाठी तुमच्याकडे काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही विचारा. मुलांची नावं आणि निकाल कुणाकडे राहतात, करार संपल्यावर त्यांचं काय होतं, हेही तिथेच विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा.