विशी-तिशीतलं मृत्युपत्र: कोकणातल्या मुलामुलींनो, या चुका टाळा

'माझ्या नावावर आहेच काय?' म्हणून हा विषय पुढे ढकलू नका. पीएफ, डीमॅट, बँकेतली ठेव, गावच्या सातबारावर आजोबांमागून लागलेलं नाव, यातलं काही ना काही नोकरीला लागलेल्या बहुतेकांकडे असतं. वयाची 18 वर्षं पूर्ण झाली की मृत्युपत्र करता येतं.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज नॉमिनीचा. बँकेतला नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालकी वारसांचीच राहते. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं. आयुर्विम्यात आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर नियम वेगळा आहे. आणि लग्न झालं की पीएफचं नॉमिनेशन नव्याने भरा, जुनं चालेल असं धरून बसू नका.

मृत्युपत्र नसेल तर कायदा ठरवतो, आणि तो अनेकांना धक्का देतो. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे अविवाहित मुलगा गेला तर त्याची मिळकत आईला जाते. आई हयात असताना वडिलांना त्यात काहीच नाही. मूलबाळ नसलेली विधवा गेली तर तिची स्वतःची कमाई आधी सासरच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. माहेरचं घर स्वतःच्या पगारावर चालवणाऱ्या मुलींनी तरी एवढ्यासाठी मृत्युपत्र करावंच, असं मला मनापासून वाटतं. मुस्लिम कुटुंबांत नियम वेगळे आहेत: वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही.

आता जमीन. 'घराखालची हापूसची कलमं धाकट्याला' असं लिहून मोकळे होऊ नका. सातबारा सामाईक असेल तर ती कलमं तुमच्या वाट्याला आलेलीच नाहीत. तुम्ही फक्त तुमचा अविभक्त (अजून वाटणी न झालेला) हिस्सा देऊ शकता, तसंच लिहा. सगळे खातेदार राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा. गणपतीला सगळी भावकी एकत्र असते, तेव्हाच हा विषय काढा. बहिणींना वगळून मात्र नको. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे.

घराचा कागद वेगळा तपासा. सातबारा आजोबांच्या नावावर आणि ग्रामपंचायतीचं असेसमेंट (घरपट्टीची नोंद) काकांच्या नावावर, असं बऱ्याच वाड्यांत सापडतं. आजोबा जाऊन वर्षं लोटली आणि वारस नोंद राहिली असेल, तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे जा. मुदत तीन महिन्यांची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. एखाद्या वारसाचं नाव गाळून फेरफार (सातबारावरच्या बदलाची नोंद) मंजूर झाला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

मुंबईत राहणाऱ्यांनी चुलतभावाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार) म्हणजे मृत्युपत्र नव्हे. देणारा गेला की ते संपतं.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी जमीन असेल तर करून घ्या. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार तुमच्या वयाच्या आसपासचेच निवडा. मूळ प्रत कुठे ठेवली आहे ते घरातल्या दोघांना सांगा.