आर्केड कॅबिनेटला ग्लो वायर लावण्याआधीची तयारी

ग्लो वायर म्हणजे वीज दिली की लांबीभर उजळणारी लवचीक वायर. आर्केड कॅबिनेटला, म्हणजे उभं राहून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेटीला, लावायला ती आणण्याआधी एक सुतळी घ्या. वायर जिथून जिथून जायला हवी तिथून ती मास्किंग टेपने चिकटवत न्या: दोन्ही बाजूंच्या फळ्या, वरच्या मार्कीची (गेमच्या नावाच्या पाटीची) चौकट, कंट्रोल पॅनेलची पुढची धार. मग सोडवून मोजा आणि आकडा लिहून ठेवा. पुढची सगळी खरेदी त्याच आकड्यावर ठरते, विशेषतः इन्व्हर्टरची.

ही वायर एलईडीसारखी थेट 12 व्होल्ट डीसीवर पेटत नाही. तिला साधारण 100 व्होल्ट एसी लागतो, तोही हजार-दोन हजार हर्ट्‌झचा, आणि तो बनवून देतो इन्व्हर्टर. त्यावर किती मीटरपासून किती मीटरपर्यंत वायर चालेल ते दिलेलं असतं. वायर जास्त झाली तर उजेड मंद पडतो. फारच कमी असली तर वायरचं आयुष्य घटतं आणि इन्व्हर्टरही जळू शकतो. म्हणून वायर न जोडता तो कधीच चालू करू नका. कॅबिनेटमध्ये कॉम्प्युटरचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) असेल तर 12 व्होल्टचाच इन्व्हर्टर घ्या, म्हणजे पिवळ्या-काळ्या तारांवरून वीज घेता येते. मध्ये एक स्विच हवाच.

खरी नाजूक गोष्ट म्हणजे वायर इन्व्हर्टरच्या तारांना जोडण्याचं सोल्डरिंग. वरचं प्लॅस्टिक सोललं की आत केसाएवढ्या बारीक दोन तारा दिसतात, आणि मधल्या तांब्याच्या तारेवर फॉस्फरचा, म्हणजे उजळणाऱ्या पदार्थाचा, पांढुरका थर. त्या दोन तारा जपून मागे वळवायच्या, थर ब्लेडने हलकेच खरवडायचा आणि मगच सोल्डर करायचं. ब्लेड जरा खोल गेलं की बारीक तारा तुटतात. माझी पहिली तीन टोकं अशीच वाया गेली. तेव्हा वायर हातभर जास्त घ्या आणि आधी तुकड्यावर हात बसवा. दोन जाडीच्या हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळ्या) आणून ठेवा, कारण मधली तार आणि बाहेरच्या तारा एकमेकींना लागता कामा नयेत. कापलेलं दुसरं टोकही झाकायचं असतं. उघड्या टोकाला हात लागला तर चांगलाच झटका बसतो.

इन्व्हर्टर बारीक, किरट्या आवाजात गुणगुणतो. त्याची जागा मागे, खाली आणि स्पीकरच्या तारांपासून लांब ठरवा, नाहीतर तीच गुणगुण स्पीकरमधून ऐकू येते.

आता सगळी वायर टेपने तात्पुरती लावा, खोलीत अंधार करा आणि खेळतो त्या जागी उभे राहा. उजेडात ही वायर फिकी दिसते, त्याने नाउमेद होऊ नका. अंधारात ती डोळ्यांत भरते. स्क्रीनच्या काचेत रेघ उमटत असेल तर त्या बाजूची वायर दोन बोटं मागे सरकवा. खेळताना ती रेघ फार त्रास देते, आणि एकदा वायर बसवायची खाच लाकडात पाडली की जागा बदलता येत नाही.

जागा पक्की झाली की राउटरची (लाकूड कोरायच्या यंत्राची) खाच आधी टाकाऊ तुकड्यावर पाडून बघा. वायर अंगठ्याने दाबून बसली पाहिजे, ठोकावी लागता कामा नये. एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची) कापलेली कड रंग पिते, म्हणून खाचेलाही प्रायमर हवा. भोकं आणि रंग सगळं आधीच उरकून घ्या. प्रायमर वाळेपर्यंत वायर मोठ्या, सैल वेटोळ्यात टांगून ठेवा, कारण जिथे घडी पडते तिथेच पुढे ती विझते.