विहीर सापडली, पाणी सापडेना

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ग्रंथालयाच्या मराठी कॅटलॉगचा सर्च माझ्या गळ्यात पडला. पहिला आठवडा मी सर्च इंजिनांचे बेंचमार्क (वेग-निकालांच्या तुलना) वाचण्यात घालवला. नव्या मुलांना तेच करताना बघतो, म्हणून हे लिहितोय.

सोलर, इलास्टिकसर्च आणि ओपनसर्च या तीन सर्च सर्व्हरांच्या पोटात इंजिन एकच: ल्यूसीन. डग कटिंगने १९९९ मध्ये जावात लिहिलेलं. त्यामुळे ‘कोणाचे निकाल चांगले’ हा वाद या तिघांपुरता बराचसा फुकटचा आहे. फरक आहे तो चालवण्याच्या सोयीत आणि लायसन्समध्ये. इलास्टिकने २०२१ मध्ये लायसन्स बदललं, तेव्हा ॲमेझॉनने इलास्टिकसर्चच्या ७.१० आवृत्तीवरून ओपनसर्च वेगळं काढलं. २०२४ मध्ये इलास्टिकने एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय दिला. मॅनेजर हे विचारतोच, पाठ ठेवा.

टाइपसेन्स आणि मेलिसर्च ही वेगळी इंजिनं तासाभरात उभी राहतात आणि टायपिंगच्या चुका पोटात घालतात. दुकानाच्या साइटला झकास. टाइपसेन्स इंडेक्स (शोधासाठीची शब्दसूची) रॅममध्ये ठेवतं, तेवढा हिशेब आधी करा. डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येच असेल आणि थोडा असेल तर त्याचं स्वतःचं फुल-टेक्स्ट सर्च वापरून बघा, दुसरा सर्व्हर सांभाळायची कटकट वाचते. फक्त त्याचं नेहमीचं रँकिंग ल्यूसीनसारखं बीएम२५ या सूत्राने होत नाही. दुर्मिळ शब्दाला जास्त वजन मिळत नाही.

मी इलास्टिक घेतलं. डेमोला ग्रंथपाल मॅडमनी ‘विहीर’ टाइप केलं आणि ‘विहिरीतील’ असं शीर्षक असलेलं, समोरच्याच कपाटातलं पुस्तक आलं नाही. इंजिनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ‘दुसऱ्या’ची गंमत तर आणखी: काही नोंदींत ऱ हे स्वतंत्र अक्षर, काहींत साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह. पडद्यावर सारखंच दिसतं, मी अर्धा दिवस डोळे फोडून घेतले.

ल्यूसीनमध्ये मराठीचा तयार अ‍ॅनालायझर (मजकुराचे शोधण्याजोगे शब्द करणारा भाग) नाही, हिंदीचा आहे. त्याचा नॉर्मलायझर मात्र आपल्या कामाचा: ऱ चा र करतो, झेडडब्ल्यूजे उडवतो, दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करतो. (त्यात ‘सूत’ आणि ‘सुत’ एक होतात, आमच्या ग्रंथालयाला चाललं.) त्यावर एज एन-ग्रॅम, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीपासूनचे वाढत जाणारे तुकडे, लावले आणि विहीर सापडली.

‘पाणी’ सापडेना. ‘पाण्याचा’मध्ये तो ‘णी’ उरतच नाही. सामान्यरूप म्हणतात ते हेच, शाळेत कंटाळत शिकलेलं. हिंदी स्टेमरला (प्रत्यय कापणाऱ्या भागाला) ‘-च्या’, ‘-साठी’ ठाऊक नाहीत, म्हणून प्रत्ययांची यादी मीच लिहिली आणि ‘ण्या’चा ‘णी’ करणारे काही नियम.

बेंचमार्कच्या आधी मी आता वेगळं करतो: वापरणाऱ्यांनी खरोखर टाइप केलेले वीस शब्द आणि प्रत्येकापुढे कोणतं पुस्तक यायलाच हवं, अशी फाइल बनवतो. इंजिन कोणतंही असो, प्रत्येक बदलानंतर ती चालवतो. मुलाखतीतही या फाइलबद्दलच सगळ्यात जास्त विचारतात.

ती फाइल नव्हती तेव्हा माझ्या यादीने ‘भात’चा त कापला, ‘भाला’चा ला कापला, दोन्हींचं ‘भा’ झालं. भाताच्या जाती शोधणाऱ्या एका शेतकऱ्यापुढे शस्त्रास्त्रांचा इतिहास आला. आखूड शब्दांना कात्री लावायची नाही, हा नियम त्या दिवशीचा.